सोमवारची जोडी

शंभुअप्पांना बसायला जमत नाही. गुडघ्याबिडघ्याची तक्रार नव्हे, गुडघे ठणठणीत आहेत. पण बूड टेकलं की त्यांच्या जिवाला काहीतरी डसायला लागतं. जेवताना अर्ध्या भाकरीवरून उठून गोठ्यात डोकावून येतील. चहा तर जन्मात कधी बसून प्यायला नसेल. त्यांची बायको उमाबाई मूळची आळंदकडची, सीमेपलीकडची. राग आला की तिच्या तोंडात आधी कानडी येतं. "सुम्म कूडरी!" म्हणजे गप बसा की ओ. हे ती इतक्या वेळा म्हणते की शेजारच्या मराठी पोरांनाही ते पाठ झालंय.

पण त्या दिवशी हद्द झाली. श्रावणातला पहिला सोमवार. सकाळीच शंभुअप्पांनी गोठ्यातले दोन्ही बैल धुऊन काढले, कपाळांवर विभूतीचे पट्टे ओढले आणि मग अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात अशा येरझाऱ्या सुरू केल्या. सोमवारी बैलाला जुंपायचं नाही, हा त्यांच्या लिंगायतांच्या घरातला जुना नेम. सोमवार हा बसवाचा, म्हणजे नंदीचा वार. तो नेम शंभुअप्पांच्या आजानं मोडला नाही, बापानं मोडला नाही, आणि ह्यांचा तर सवालच नाही. तेव्हा त्या दिवशी खरं म्हणजे उपास धरून देवळात बसायचं, एवढंच काम.

"काय हुडकलालाव ओ मघाधरनं?" उमाबाईनं चुलीवरच्या भगरीत पळी फिरवत विचारलं.

"कुठं काय?"

"मग त्या बिचाऱ्या रस्त्याला का तुडवलालाव?"

शंभुअप्पा पुन्हा रस्त्याकडे वळले. बोलणार काय, कपाळ? काल रविवारी हा माणूस सुनेशी फोनवर धडधडीत खोटं बोलला होता, आणि ते खोटं आता पोटात गोळा होऊन बसलं होतं. ज्याला खोटं पचतं त्यानं बोलावं. ह्यांना साधी वांग्याची भाजी पचत नाही.

आता हे खोटं कशाचं, ते आधी सांगायला पाहिजे.

शंभुअप्पांचं विहिरीजवळ वीस गुंठ्यांचं रान आहे. एके काळी त्या तुकड्यात काय यायचं नाही ते विचारा. पण सोयाबीनवर सोयाबीन, सोयाबीनवर सोयाबीन, असं करत करत त्या मातीचा पार भुगा झाला. पाऊस आला की चिखल, उघडला की हात जाईल एवढ्या भेगा. ढेकूळ नाकाला लावलं तर मातीचा वाससुद्धा यायचा नाही. शंभुअप्पांचा एकुलता मुलगा शिवकुमार लोहाऱ्याला एका दुकानात कामाला होता, सकाळी जायचा तो रात्रीच यायचा, त्याला सोलापूरला एका गोदामावर चांगली जागा मिळत होती. बायको महेश्वरी आणि पाच वर्षांची शिवरंजनी, दोघींना घेऊन तो जायच्या बेतात होता. घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी ठरलं असं, की एक हंगाम थांबायचं. विहिरीजवळचा तुकडा महेश्वरीच्या हवाली करायचा. तिनं त्यात भाजीपाला उभा करून दाखवला तर बिऱ्हाड इथंच. नाही साधलं, तर दिवाळी झाली की सोलापूर.

शंभुअप्पांनी लगेच मान डोलावली. नात गेली तर त्या घरात उरतंय कोण? ते, उमाबाई आणि "सुम्म कूडरी". त्या विचारानंच त्यांना कसंतरी व्हायचं. सून मात्र जायला एका पायावर तयार असणार, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. तरणी पोर, तिला शहर नको असेल? विचारलं कधीच नाही. विचारणं हा त्या घरातल्या पुरुषांचा गुणच नाही.

महेश्वरी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीकडची. माहेरच्या रानात तिनं स्वतःच्या हातानं भाजी केलेली. पहिल्याच दिवशी भाकरीच्या परातीत पीठ पसरून तिनं त्यात बोटानं रेघा ओढून दाखवल्या. ह्या टोमॅटोच्या ओळी, दोन ओळींच्या मधे कोथिंबीर आणि मेथी, कारण टोमॅटो वाढेपर्यंत ती निघून जाते आणि तोवर मातीवर सावली धरते. इथं तिथं झेंडू, किडीला चकवायला. चारी बाजूंनी मका, वाऱ्याला आडोसा. एक मेलं तर दुसरं हाताशी राहतं. शंभुअप्पा उभ्यानंच वाकून बघत होते.

"आन् हे सगळं त्या मेल्या मातीत येणार व्हय?"

"न्हाय येणार. म्हणून आधी ताग पेरायचा."

"ताग?" शंभुअप्पांचे डोळे चमकले. "दोरखंडाचा?"

"दोरखंडाचा न्हाय अप्पा, गाडायचा. हिरवा हिरवा मातीत गाडायचा. तेच खत."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. शंभुअप्पांना तागाच्या वाखाचं वेड आहे. खोड भिजवून सोललं की जे लांब धागे सुटतात ते म्हणजे वाख. मांडीवर तळहातानं वळून त्याचे कासरे, दावी, वेसणी करण्यात ह्या माणसाचा हात धरणारं आसपास कुणी नाही. पण सोयाबीन आलं तसा ताग गेला. गेली काही वर्षं पोळ्याला त्यांच्या बैलाच्या गळ्यात जुनंच दावं असायचं. बाजारातलं रंगीत नायलॉनचं दावं म्हणजे त्यांना शिवी. "नायलॉननं बैलाची मान सोलती," असं ते कुणीही न विचारता सांगायचे.

तर मृगाच्या पावसावर ताग पेरला. आणि काय सांगू, मेल्या म्हटलेल्या मातीतून असा काही उसळून आला की शंभुअप्पा दिवसातून कितीदा रानात गेले ह्याचा हिशोब उमाबाईनं सोडून दिला. छातीइतका झाला. शेंड्यांना पिवळ्या कळ्या धरल्या.

शनिवारी महेश्वरी पंचमीला माहेरी निघाली. नागपंचमी मंगळवारी होती. निघण्याआधी तिनं सासऱ्याला रानात नेलं, एक खोड वाकवलं. कट्कन मोडलं.

"अप्पा, हे असं मोडतंय तोवरच गाडायचा. मोडायचं सोडून सोलायला लागलं, वाख सुटायला लागला, की संपलं. मग त्याच्या नुसत्या काड्या होत्यात, कुजत न्हाईत. उद्या रविवार हाय, जोडी आपल्याकडं हाय, आन् परवाच्या पावसाची ओल हाय. उद्याच गाडा. माझी रोपं आणखी पंधरा दिवसांत तयार होत्यात."

"व्हय व्हय. तू जा निवांत."

जोडी आपल्याकडं म्हणाली, त्याचाही खुलासा करतो. शंभुअप्पांकडे बैल एकच, बसवा. दुसरा हरण्या, तो त्यांच्या दोस्ताचा, हणमंतप्पाचा. एकेका बैलाचे हे दोन धनी सावडीनं शेती करायचे. म्हणजे जोडी दोघांत, पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्याच्या गोठ्यात दोन्ही बैल. ट्रॅक्टर त्या तुकड्यात जायचा नाही. ओढ्याची वाट अरुंद आणि काळं रान ओलं असलं की चाक रुतून बसतं. सावडीत कागद नाही, काही नाही. एकमेकांचा शब्द, बस्स.

रविवारी शंभुअप्पा जोडी घेऊन रानात गेले. नांगर उतरवला. आणि बांधावर उभे राहून बघत बसले. म्हणजे बघत उभे राहिले. ऊन पडलं होतं, कळ्यांची फुलं झाली होती, अख्खं रान पिवळं, मधमाश्यांची गुणगुण. एवढ्यात ओढ्याच्या वाटेनं जवळच्या सास्तूर गावचे दोघं मोटारसायकलवरून चालले होते, ते गाडी थांबवून ओरडले, "शंभुअप्पा, हे तुमचंच रान का ओ? काय पीक हाय राव!"

झालं. तिथंच माणूस विरघळला. त्या तुकड्याकडे बघून गाडी थांबवल्याला किती वर्षं झाली होती! आता ह्याच्यावर नांगर घालायचा? उभ्या फुलांवर? आणि एका आठवड्यानं काय बिघडतंय? तेवढ्यात वाख चांगला धरेल, पोळ्याला दोन नवी दावी होतील, मग गाडू की उरलेलं. असा सगळा विचार त्यांनी नांगराच्या मुठीवर हात ठेवून केला आणि नांगर परत खांद्यावर घेतला.

वाटेत हणमंतप्पा भेटले. "शंभ्या, माझी सोयाबीनची कोळपणी लई मागं पडली रे. तण डोक्यावर आलंय."

"मग घिऊन जा की जोडी बुधवारपासून. आठ दिवस ठेव. माझं काय अजून तयार न्हाय."

शब्द दिला. हणमंतप्पा खूश होऊन गेले. उमाबाईनं संध्याकाळी तागाच्याच फुलांची भाजी केली, कांदा घालून, आणि भाकरीचा पहिला घास मोडतो न मोडतो तोच फोन वाजला. आधी नात बोलली. मग महेश्वरी.

"अप्पा, झालं का?"

आता इथं खरं बोलायला काय हरकत होती? पण समोर ताटात तीच फुलं, आणि सुनेचा आवाज असा आशेचा.

"झालं की."

"सगळा गाडला?"

"सगळा."

"वास कसा येतोय?"

"वास? झकास येतोय."

मग महेश्वरी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. त्या एका "बरं"नं शंभुअप्पांची झोप उडाली.

आणि म्हणून सोमवारी सकाळी रस्ता तुडवणं चाललं होतं. शेवटी राहवेना तसे ते रानात गेले. एक खोड धरून वाकवलं. कट्. चला, जीव भांड्यात पडला. पण खात्री म्हणून तेच खोड जरा खाली, बुडाकडे मोडून बघितलं. मोडलं नाही. वाकलं, चिरलं, आणि बाजूनं पांढरट धागा लोंबायला लागला. शंभुअप्पांनी दुसरं खोड घेतलं. तिसरं घेतलं. मग बांधाच्या कडेचं, मग मधलं. शेंड्याकडून मोडत होतं आणि बुडाकडून सोलत होतं. ऊन कडक पडलेलं. वाख वर वर चढत निघाला होता.

सवयीनं त्यांनी तो धागा मांडीवर घेऊन वळला. काय सुरेख वळला जात होता! इतक्या वर्षांत असा वाख हाताला लागला नव्हता. आणि शंभुअप्पांना घाम फुटला. ज्याच्यासाठी आठ दिवस थांबायचं ठरवलं होतं, तेच सुनेचं रान बुडवायला निघालं होतं. रान बुडालं की सोलापूर. सोलापूर म्हणजे शिवरंजनी गेली. त्यांनी टाच मातीत दाबून बघितली. ओल होती अजून, पण वरचा पापुद्रा सुकायला लागला होता.

आता करायचं काय? आज सोमवार, बैल जुंपायचे नाहीत. उद्या नागपंचमी, उद्या नांगर नाही, कुदळ नाही, विळासुद्धा नाही, जमिनीतल्या जीवाला धक्का लावायचा नाही. परवा बुधवारी जोडी हणमंतप्पाकडे. ती आठ दिवसांनी येणार, तोवर ओलही नाही आणि तागाच्या जागी काड्या. शब्द परत मागायचा? सावडीत शब्द परत मागितला तर उरलं काय? ह्या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःला असं चारी बाजूंनी कोंडून घेतलं होतं, दुसऱ्या कुणी इतकं नीट कोंडलं नसतं.

ते घरी आले. गोठ्यात गेले. खुंटीवरचं जू काढलं. बसवानं मान वर केली, कपाळावर सकाळचीच विभूती. बैल आपणहून पुढं सरकला, मान खाली घालून उभा राहिला. त्याला बिचाऱ्याला वार काय कळतो? शंभुअप्पांनी जू परत खुंटीला लावलं आणि बैलाच्या पायाला हात लावून ते कपाळाला लावले. नाही ते नाही.

मग विळा घेतला आणि निघाले. मागून उमाबाई ओरडली, "कुठं? ओ, उपासाचं तरी खाऊन जावा!" पण हे पार गल्लीच्या टोकाला.

वीस गुंठे ताग एका माणसानं विळ्यानं कापायचा म्हणजे वेडेपणा. पण नुसतं उभं राहून वाख चढताना बघण्यापेक्षा बरं. त्यांनी कोपऱ्यातून सुरुवात केली. सपासप कापत होते, कापलेलं जागेवरच पसरत होते. सूर्य डोक्यावर आला. पाठ मोडून आली. सरळ उभं राहून मागं बघितलं तर एवढासा तुकडा, अंगणाएवढाही नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चिडून परत वाकले, आणि तेवढ्यात बांधावर कुणीतरी पिशवी टेकवल्याचा आवाज झाला.

महेश्वरी उभी होती. पहाटेची गाडी धरून वाशीहून धाराशिव, तिथून सास्तूर, आणि घरी न जाता तडक रानात. शिवरंजनीला माहेरी ठेवून आली होती.

शंभुअप्पांच्या हातातला विळा खाली गेला. "तू कशी काय?"

"अप्पा, गाडलेल्या तागाला पहिल्या दिवशी वास येत नसतोय. चार दिवसांनी येतोय, आन् तो बी नाकाला पदर लावायला लावणारा. झकास कुठला?"

शंभुअप्पांनी खिशातून मघाची वळलेली दोरी काढली आणि नुसती दाखवली. "वाटलं, आठ दिवस राहू द्यावा. पोळ्याला दावी झाली असती. लोकं गाडी थांबवून बघलालेत गं. कसा घालू नांगर?" आणि मग जोडी हणमंतप्पाला देऊन बसल्याचंही सांगून टाकलं, एका दमात.

महेश्वरी इतक्या वर्षांत सासऱ्यापुढं आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"तुमाला काय वाटतंय अप्पा, मला सोलापूर पाहिजे? कुणी सांगितलं तुमाला? पत्र्याच्या खोलीत डांबून घ्यायला मी मरलाले व्हय? एक हंगाम थांबा म्हणून तुम्ही म्हणायच्या आधी म्या ह्यांच्या पाया पडले, तवा ते थांबले! हे रान म्हणजे माझं इथं राहणं हाय. मला वाटलं घरात एक माणूस तरी माझ्या बाजूचं हाय. आन् तुम्हीच मला हितनं घालवाय निघालाव, फुलं लई छान दिसत्यात म्हणून!"

आणि रडायला लागली. रडता रडताच तिनं पदर खोचला, शंभुअप्पांच्या पायाशी पडलेला विळा उचलला आणि कापायला वाकली. शंभुअप्पा तिथंच उभे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठं जावंसं वाटत नव्हतं आणि जागेवर थांबवतही नव्हतं.

थोड्या वेळानं उमाबाई डब्यात भगर आणि आणखी दोन विळे घेऊन आली. सुनेला बघितलं, नवऱ्याला बघितलं, काय ते समजली. कानडीत नवऱ्याला जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही. मग तीही वाकली.

तिघं मिळून कापत होते, तरी दिवस उतरायला लागला तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा पडला होता. महेश्वरीनं मनगटानं घाम पुसला. "असं न्हाय उरकायचं. नुसती फळी फिरली असती तरी अख्खा ताग एका दिशेनं आडवा झाला असता. मोडून मातीला लागला की ओल धरतोय, वाढायचा थांबतोय. पण फळीला बैल पाहिजेत." आणि लगेच म्हणाली, "न्हाय अप्पा, म्या जुंपा म्हणत न्हाय. सोमवारी जुंपून आलेली भाजी मला बी नको."

शंभुअप्पांनी ऐकलं आणि चालायला लागले. ते विहिरीजवळच्या खोपीत गेले. ढेकळं फोडायची ती जाड लाकडी फळी तिथं होती. ती ओढत आणली, तिच्यावर दोन दगड ठेवले, दोन्ही टोकांना आपलेच जुने वाखाचे कासरे बांधले आणि त्याचा फास करून स्वतःच्या खांद्यावरून छातीवर घेतला.

"अप्पा! आवो, सोमवार हाय!"

"सोमवार बैलाचा हाय. माझा न्हाय."

आणि ओढली. पहिल्यांदा फळी हललीच नाही. दुसऱ्यांदा हलली ती एकीकडून, कारण एका माणसाच्या खांद्यानं फळी सरळ चालत नाही, फिरत राहते. शंभुअप्पा दात खाऊन ओढत होते, ताग मोडत होता पण वेडावाकडा. उमाबाई तोंडाला पदर लावून उभी, हसू की रडू कळेना. पुढं जाऊन ती फळीची दुसरी बाजू धरणार, तेवढ्यात बांधावरून कुणीतरी खदाखदा हसलं.

हणमंतप्पा. घरच्या म्हशीला ओला चारा न्यायला आले होते.

"आरं शंभ्या! ह्या वयात तुला कुणी जुंपला रे?"

"हसू नको हणम्या. हस, काय हसायचं ते हस, पण बाजूला हो." शंभुअप्पांना दम लागला होता. थांबले तर परत ओढणं होणार नाही म्हणून ते थांबतही नव्हते. महेश्वरीनं दोन वाक्यांत हणमंतप्पांना सगळं सांगितलं. हणमंतप्पांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, झटकला, घडी करून खांद्यावर ठेवला आणि ओल्या रानात उतरले.

"काल म्हणाला असतास तर म्या बैल मागितले असते का रे, गाढवा? सरक तिकडं. डावीकडं हो, तुझा बसवा डावीकडंच चालतोय. हरण्याची बाजू माझी."

"हणम्या, तुझा उपास हाय."

"तुझं काय लगीन हाय व्हय? एका बैलाची जोडी होत नसती. चल, ओढ!"

आणि दोघं चालायला लागले. दोघांचे बैल गोठ्यात विभूती लावून निवांत रवंथ करत होते आणि दोघं धनी इकडं छातीला कासरा लावून फळी ओढत होते. आता फळी सरळ चालली. ताग एका रेषेत वाकला, मोडला, काळ्या मातीवर आडवा झाला. हणमंतप्पा थकले की शंभुअप्पांना शिव्या घालायचे आणि त्या शिवीच्या जोरावर पुढची फेरी काढायचे. महेश्वरी फळीवरचे दगड सावरत मागून चालत होती. वळणावर उमाबाई ओरडून सांगायची, "हळू! ओ, हळू!" तिकडून मोटारसायकलवाले ते दोघं परत आले, आज पण गाडी थांबवली, पण काय बोलावं ते न सुचून तसेच निघून गेले.

सूर्य मावळायला आला तसा सगळा ताग पडला. सगळा म्हणजे बांधाकडच्या दोन ओळी सोडून. शंभुअप्पा फळी तिकडं वळवायला लागले तशी महेश्वरीनं हात आडवा केला.

"त्या राहू द्या."

"का? ओढतो की. अजून जीव हाय."

"त्या दोन ओळी म्या आधीपासनंच ठेवणार होते अप्पा. तुमाला पोळ्याला वाख लागतोय, मला काय ठावं न्हाय व्हय? दावी करून उरलं त्याला बियाणं धरंल. पुढल्या साली मधल्या रानात बी पेरायचा हाय ताग." तिनं डोळे पुसले. "एकदा इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

शंभुअप्पांनी खांद्यावरचा कासरा काढला. मानेवर लाल वळ उठला होता. हणमंतप्पा मातीत फतकल मारून बसले होते आणि उमाबाई त्यांच्यापुढं भगरीचा डबा धरून उभी होती. पुढल्या साली. सून पुढल्या सालाचं बोलली होती, तेही असं, जणू त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. शंभुअप्पा वळले आणि पडलेल्या तागाकडे बघत राहिले, कारण त्यांना आपलं तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं.

"बुधवारी आधी तुझं गाडू," हणमंतप्पा घास चावत म्हणाले. "माझं तण काय कुठं पळून चाललंय?"

मंगळवारी पंचमी. रानात कुणी पाय ठेवला नाही. शंभुअप्पा दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिले, मान एका बाजूला वाकडी करून, आणि उमाबाई एकदाही "सुम्म कूडरी" म्हणाली नाही. बुधवारी बसवा आणि हरण्या जुंपले. ताग ज्या दिशेनं पडला होता त्याच दिशेनं नांगर चालला आणि आडवं पडलेलं हिरवं सगळं मातीखाली गेलं. संध्याकाळी भुरभुर पाऊसही आला.

त्यानंतर मात्र शंभुअप्पांनी सगळ्यांना वैताग आणला. गुरुवारी रानात जाऊन माती हुंगली. काही नाही. शुक्रवारी हुंगली. काही नाही. बुडाकडचा वाख कुजलाच नाही तर? उशीरच झाला असेल तर? शनिवारी उमाबाईनं जेवताना उठू दिलं नाही, तर ताट घेऊनच दारात जाऊन उभे राहिले.

रविवारी सकाळी महेश्वरी विहिरीजवळ वाफ्यावरच्या रोपांना झारीनं पाणी घालत होती. शिवरंजनी वाशीहून परत आली होती, तिची तिथंच लुडबुड चालली होती. एवढ्यात पोरीनं दोन्ही हातांनी नाक दाबलं. "शी! आई, कसला वास गं?"

महेश्वरीनं झारी खाली ठेवली आणि वळून बघितलं. नांगरलेल्या रानाच्या मधोमध, कुजक्या वासात, शंभुअप्पा चक्क मांडी घालून बसले होते. धोतर चिखलात, हातात मातीचा गोळा, तो नाकापाशी धरलेला.

"महेश्वरी," त्यांनी तिथनंच हाक मारली आणि गोळा पुढं धरला. "ये. हुंगून बघ. आता खोटं न्हाय बोलत."